पाळकाचे पाचारण : स्कॉटलंडमधील १८४३ ची फूट आणि पाळक-मंडळी यांचा परस्परस्नेह

विषयप्रवेश

ख्रिस्ती चर्चच्या इतिहासाचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा सिद्धान्तांवरील वाद, धर्मसभांचे ठराव आणि राजसत्ता व धर्मसत्ता यांच्यातील संघर्ष यांकडे वळते. पाळक आणि त्याची मंडळी यांच्यातील जिव्हाळा हा विषय मात्र प्रवचनाचा, चरित्राचा किंवा फार तर श्रद्धांजलीपर लेखाचा मानला जातो. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी, आपल्यामध्ये श्रम करणाऱ्या पुढाऱ्यांना प्रेमपूर्वक मान द्यावा असा उपदेश आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात पुढाऱ्यांनी कळपावर धनीपण गाजवू नये, असे बजावले आहे. हे दोन उपदेश एकत्र वाचले म्हणजे आदर्श पुरेसा स्पष्ट होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आदर्शाने समाधान होत नाही. पाळकाला नेमतो कोण, त्याच्या चरितार्थाची सोय करतो कोण, आणि मंडळीला तो नको असेल तर तिने काय करावे, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या प्रेमाचे आणि त्या आदराचे खरे स्वरूप कळत नाही.

या प्रश्नांपायी एका संपूर्ण राष्ट्रीय चर्चचे दोन तुकडे झाल्याचे उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधील १८४३ ची फूट. मुंबईचे विल्सन महाविद्यालय आणि नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ही नावे महाराष्ट्रातील सुशिक्षितांना परिचित आहेत. परंतु ज्यांची ही नावे ते जॉन विल्सन व स्टीफन हिस्लॉप हे दोघेही या फुटीनंतर जन्मास आलेल्या फ्री चर्चचे मिशनरी होते, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. पाळक व मंडळी यांचा स्नेह वरून लादता येत नाही, या तत्त्वासाठी ज्या चर्चने घरदार सोडले, त्या चर्चच्या महाराष्ट्रातील कार्यात ते तत्त्व कितपत उतरले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

नेमणुकीचे वतन

स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च प्रेसबिटेरियन पद्धतीचे आहे. त्यात बिशप नाही. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, पाळक आणि मंडळीतील वडील मिळून कारभार पाहतात. अशा काही पॅरिश मिळून प्रेसबिटरी बनते आणि सर्वांच्या वर जनरल असेंब्ली ही वार्षिक सभा असते. रचनेच्या दृष्टीने ही व्यवस्था लोकाभिमुख होती. पण तिच्या मुळाशी एक विसंगती होती. पॅरिशचा पाळक सुचविण्याचा अधिकार पुष्कळ ठिकाणी तेथील जमीनदाराकडे असे, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी तो राजसत्तेकडे असे. १६९० मध्ये हा अधिकार काढून घेण्यात आला होता. परंतु इंग्लंडशी एकीकरण झाल्यानंतर पाचच वर्षांनी, १७१२ साली, वेस्टमिन्स्टरच्या संसदेने तो पुन्हा प्रस्थापित केला.

या अधिकाराचे स्वरूप मराठी वाचकास ‘वतन’ या शब्दाने चटकन उमजेल. तो वंशपरंपरेने चालत असे, त्याची खरेदी-विक्री होत असे आणि न्यायालये त्यास स्थावर मिळकतीप्रमाणे संरक्षण देत. पाळकाचे वेतन जमिनीवरील धर्मपट्टीतून निघे. उपासनामंदिर व पाळकनिवास बांधण्याची व दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी जमीनदारांवर असे. जो पैसा देतो त्यानेच माणूस निवडावा, असा या मागचा सरळ युक्तिवाद होता. मंडळीच्या वाट्याला ‘पाचारण’ नावाचा एक विधी उरला. नियोजित पाळकास आम्ही बोलावीत आहोत अशा पत्रावर सभासदांनी सह्या करावयाच्या, एवढाच तो विधी. अठराव्या शतकात सह्या किती आहेत याला महत्त्व राहिले नाही. दोन असल्या तरी चालत.

लोकांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. १७३३ मध्ये एबेनेझर अर्स्किन व त्याचे सहकारी बाहेर पडले. १७५२ मध्ये इन्व्हरकीदिंग येथे लोकांना नको असलेल्या पाळकाच्या पदस्थापनेस हजर राहण्याचे नाकारल्यामुळे टॉमस गिलेस्पी यास पदच्युत करण्यात आले. स्थानिक प्रेसबिटरी असे काम करण्यास कचरू लागली तेव्हा बाहेरच्या पाळकांची समिती घोड्यांवरून पाठवून पदस्थापना उरकली जाई. प्रसंगी शिपायांचा बंदोबस्त ठेवावा लागे.

येथे एका कादंबरीचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. जॉन गॉल्ट या लेखकाची १८२१ मधील ‘अ‍ॅनल्स ऑफ द पॅरिश’ ही कादंबरी बॅल्विडर नावाच्या पाळकाच्या पन्नास वर्षांच्या आठवणींच्या रूपात लिहिलेली आहे. १७६० साली जमीनदाराच्या मर्जीने त्याची नेमणूक होते. लोक मंदिराचा दरवाजा खिळे ठोकून बंद करतात, चिखल फेकतात, आणि पाळकाला खिडकीतून आत शिरावे लागते. त्यानंतर तो घरोघर हिंडतो. दारे बंद होतात. शेवटी त्याच्या विरोधकांपैकीच एक विणकर त्याला आत बोलावतो. १८१० साली निवृत्त होताना तोच पाळक गावाचा वडीलधारा झालेला असतो. कादंबरी हा दस्तऐवज नव्हे, हे मान्य. परंतु लादलेला पाळकदेखील कालांतराने लोकांच्या प्रेमास पात्र होऊ शकतो, हे त्या काळच्या वाचकाला खरे वाटत होते, एवढे तरी तिच्यावरून दिसते. बारसे, लग्न, आजारपण आणि प्रेतयात्रा यांतून पन्नास वर्षांत जे नाते घडते ते नेमणुकीच्या कागदावर अवलंबून नसते. सुधारणावादी पक्षाच्या इतिहासकारांनी ही बाजू पुरेशी विचारात घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मग निवडीच्या हक्काचे महत्त्व काय? ते असे की, नकार देण्याची मोकळीक नसेल तर होकाराला किंमत राहत नाही. लादलेल्या पाळकावर लोकांचे प्रेम बसले तर तो त्यांचा मोठेपणा असे; तो त्यांचा मान नव्हे.

ऑक्टरार्डर आणि मार्नॉक

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुधारणावादी पक्षाचे पाठबळ वाढले. त्याचे सर्वांत प्रभावी नेते टॉमस चामर्स (१७८०–१८४७) यांनी ग्लासगो शहरातील सेंट जॉन्स पॅरिशमध्ये १८१९ पासून १८२३ पर्यंत एक प्रयोग केला होता. सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या कामकरी भागाचे त्यांनी लहान लहान विभाग पाडले, प्रत्येक विभागास एकेक सेवक नेमून दिला, आणि गरिबांना मदत कर बसवून नव्हे तर मंदिराच्या दारात गोळा होणाऱ्या दानातून द्यावयाची असे ठरविले. गिरण्यांच्या शहरात खेड्यासारखी ओळखपाळख पुन्हा निर्माण व्हावी, ही त्यांची धडपड होती. तिच्यात कळकळ होती, आणि वडीलकीचा करडेपणाही होता. मदत मागणाऱ्याने आधी आपल्या नातलगांकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. भुकेल्या माणसाला हा उपदेश कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

१८३४ मध्ये जनरल असेंब्लीने नकाराधिकाराचा कायदा संमत केला. पॅरिशमधील प्रभुभोजनाचा अधिकार असलेल्या पुरुष कुटुंबप्रमुखांपैकी बहुसंख्यांनी हरकत घेतली तर नियोजित पाळकाची पदस्थापना करू नये, असे त्यात ठरले. (स्त्रियांना हा अधिकार नव्हता, हे नोंदविले पाहिजे, मंडळीत त्यांची संख्या थोडी नसली तरी.) त्याच वर्षी पर्थशायरमधील ऑक्टरार्डर येथे कसोटीचा प्रसंग आला. तेथील आश्रयदाता अर्ल ऑफ किनूल याने रॉबर्ट यंग या उमेदवाराचे नाव सुचविले. नोंदलेल्या ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी हरकत नोंदविली. पाचारणपत्रावर पॅरिशमधील अवघ्या दोघांच्या सह्या होत्या. प्रेसबिटरीने यंग यास नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले. १८३८ मध्ये कोर्ट ऑफ सेशनने बहुमताने, आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, निकाल आश्रयदात्याच्या बाजूने दिला. लोकांना पाळक नको असणे ही कायद्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी बाबच नव्हे, असा त्याचा अर्थ झाला.

त्याहून हृदयस्पर्शी घटना ईशान्येकडील मार्नॉक येथे घडली. तेथे जॉन एडवर्ड्स याच्या पाचारणपत्रावर पॅरिशमधील एकाच इसमाची सही होती, आणि तो एक खानावळवाला होता. तरीही न्यायालयाच्या आदेशावर बोट ठेवून प्रेसबिटरीतील बहुसंख्य पाळकांनी २१ जानेवारी १८४१ रोजी पदस्थापना करण्याचे ठरविले. भर हिवाळ्यात, बर्फातून वाट काढीत लोक मंदिरात जमले. त्यांच्या वतीने निषेध वाचला गेला. मग वृद्ध माणसे आपापली पवित्र शास्त्रे बाकांवरून उचलून निघाली आणि त्यांच्यामागोमाग सगळी मंडळी बाहेर पडली. आपल्या वाडवडिलांच्या बसण्याच्या जागा त्यांनी रिकाम्या सोडल्या. मंडळीविना पाळकाची पदस्थापना झाली. लोकांनी पुढे लवकरच स्वखर्चाने वेगळे मंदिर उभारले.

मार्नॉकच्या लोकांनी नव्या पाळकाला शिवीगाळ केली नाही, दरवाजाला खिळे ठोकले नाहीत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कादंबरीतील गावकऱ्यांचा दंगा आणि या लोकांचे मूक निघून जाणे यांत जो फरक आहे, तो एका समाजाच्या आत्मसन्मानाच्या वाढीचा आहे. त्यांना पाळकसंस्थेविषयी अनादर नव्हता. उलट पाळकाचे पद त्यांना इतके मोलाचे वाटत होते की, ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याच्या हातून प्रभुभोजन घेणे त्यांना अशक्य झाले.

१८ मे १८४३

तडजोडीचे प्रयत्न फसल्यावर जे घडले ते सर्वश्रुत आहे. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथील सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये जनरल असेंब्ली भरली असता मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, राणीच्या प्रतिनिधीस वाकून अभिवादन केले आणि ते दाराकडे निघाले. चामर्स त्यांच्यामागे गेले, आणि मग ओळीच्या ओळी उठल्या. रस्त्यावर जमलेल्या गर्दीतून वाट काढीत ते टॅनफील्ड हॉल येथे पोहोचले, आणि तेथे चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्चची पहिली सभा भरली. एकूण ४७४ पाळकांनी आपल्या पदाचा, वेतनाचा आणि निवासाचा त्याग करणाऱ्या दस्तऐवजावर सह्या केल्या. ही संख्या राष्ट्रीय चर्चच्या सुमारे बाराशे पाळकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक होती. या प्रसंगाचे चित्र काढण्यासाठी डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने रॉबर्ट अ‍ॅडम्सन याच्या साहाय्याने शेकडो व्यक्तींची छायाचित्रे घेतली. चित्र पुरे होण्यास १८६६ उजाडले, आणि आज त्या चित्रापेक्षा ती छायाचित्रेच अधिक मोलाची मानली जातात.

पाळकांनी त्याग केला, हे खरे. परंतु पुढचा भार मंडळ्यांनी उचलला, आणि इतिहासलेखनात या दुसऱ्या गोष्टीला पुरेशी जागा मिळालेली नाही. पाळकाची पत्नी, लहान मुले, म्हातारी आई यांनी वर्षानुवर्षांचे घर सोडून एखाद्या झोपडीत किंवा दूरच्या गावी भाड्याच्या खोलीत राहावयाचे, आणि त्यांना अन्न, सरपण, बिछाना कोणी पुरवावयाचा? फ्री चर्चने नंतर अशा आठवणी जमवून प्रसिद्ध केल्या. त्या अर्थातच एका पक्षाच्या आठवणी आहेत आणि त्यांत गौरवाचा सूर आहे. मागे राहिलेल्या दोन तृतीयांश पाळकांतही आपल्या लोकांसाठी झिजणारे पुष्कळ होते, हे त्या संग्रहांतून कळत नाही. पण पैशाचे आकडे भावनेपेक्षा कमी दिशाभूल करतात. टॉमस गथ्री यांनी १८४५ पासून वर्षभर देशभर हिंडून केवळ पाळकनिवास बांधण्यासाठी एक लाख सोळा हजार पौंडांहून अधिक रकमेची वचने मिळविली. पहिल्या काही वर्षांतच सातशेच्या आसपास उपासनामंदिरे उभी राहिली.

वेतनाची योजना चामर्स यांनी फुटीपूर्वीच आखून ठेवली होती. आठवड्याला एक पेनी, हे तिचे सूत्र. प्रत्येक मंडळीने आपली वर्गणी मध्यवर्ती पोषणनिधीत भरावयाची आणि निधीतून सर्व पाळकांना समान वाटा मिळावयाचा. ज्या मंडळीची ऐपत असेल तिने आपल्या पाळकास वर आणखी द्यावे. एडिंबरोतील वकील-व्यापाऱ्यांच्या पैशावर हायलँड्समधील कुळांचा पाळक जगू लागला. या योजनेत एक सूक्ष्म शहाणपण आहे. पाळकाचे वेतन जमीनदाराच्या हातून काढून ते थेट स्थानिक मंडळीच्या हातात दिले असते, तर मंडळीतला सर्वांत सधन सभासद हा नवा आश्रयदाता झाला असता. निधी मध्यवर्ती असल्यामुळे पाळकाला आपल्याच लोकांना चार कडू शब्द ऐकविण्याचे स्वातंत्र्य राहिले. लोकांनाही आपण पाळकाचे धनी नाही, याची आठवण राहिली. परस्परादरासाठी थोडे अंतरही लागते.

हाच पैशाचा प्रश्न फ्री चर्चला एका लाजिरवाण्या प्रकरणातही घेऊन गेला. १८४४ मध्ये निधी जमविण्यासाठी अमेरिकेत गेलेल्या शिष्टमंडळाने दक्षिणेकडील गुलाममालकांच्या चर्चकडूनही देणग्या स्वीकारल्या. सुमारे तीन हजार पौंडांची ती रक्कम परत पाठवा, अशी मागणी करीत फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरीतून निसटलेला वक्ता १८४६ मध्ये स्कॉटलंडभर सभा घेत फिरला. पैसे परत गेले नाहीत. आपल्या मंडळीच्या सन्मानासाठी वेतनावर पाणी सोडणाऱ्या पुढाऱ्यांना दूरच्या माणसांच्या बेड्या तितक्या स्पष्ट दिसल्या नाहीत.

जागा नाकारली तेव्हा

हायलँड्स भागात तर काही पॅरिशमध्ये जवळजवळ सारी वस्ती फ्री चर्चमध्ये गेली. त्यामागे केवळ धर्मतत्त्व नव्हते. मेंढीपालनासाठी कुळांना जमिनीवरून हुसकून लावण्याचे प्रकार त्या भागात दोन पिढ्या चालू होते, आणि त्या काळात पॅरिशचे अनेक पाळक जमीनदाराच्या बाजूने उभे राहिले, अशी लोकांची भावना होती. ज्याने आपल्या घराला लागलेली आग पाहून तोंड फिरविले, त्याच्याविषयी आदर कसा राहणार?

साहजिकच जमीनदारांनी सूड उगवला. मंदिर बांधण्यास जागाच द्यावयाची नाही, असा पवित्रा काहींनी घेतला. ड्यूक ऑफ बक्ल्यू याच्या जमिनीवरील कॅनन्बी येथील लोकांनी पावसापाण्यात रस्त्याकडेला उपासना केली. या तक्रारी इतक्या वाढल्या की, १८४७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सला चौकशी समिती नेमावी लागली. सर्वांत विलक्षण तोडगा पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्राँशियनच्या लोकांनी काढला. जमिनीवर जागा मिळत नाही तर पाण्यावर! त्यांनी क्लाइड नदीवरील गोदीत एक लोखंडी तरते मंदिर बांधवून घेतले आणि १८४६ मध्ये ते सुनार्ट खाडीत किनाऱ्यापासून काही अंतरावर नांगरले. लोक होड्यांतून उपासनेस जात. शंभर माणसे चढली की ते तराफ्यासारखे मंदिर इंचभर खाली जाई असे सांगत, आणि त्यामुळे कोणत्या पाळकाचे प्रवचन लोकांना अधिक प्रिय आहे हे पाण्याच्या खुणेवरून मोजता येई. या विनोदाचा आस्वाद त्या पाळकांनीही घेतला असावा.

संसदेने जमीनदारांचा नेमणुकीचा अधिकार अखेर १८७४ मध्ये रद्द केला, म्हणजे फुटीनंतर एकतीस वर्षांनी. दुभंगलेल्या प्रवाहांचा बहुतांश भाग १९२९ मध्ये पुन्हा एकत्र आला.

मुंबई आणि जालना

फुटीची बातमी भारतात आली तेव्हा राष्ट्रीय चर्चच्या येथील सर्वच मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ, मुंबईत रॉबर्ट नेस्बिट व मरे मिचेल. १८२९ पासून मुंबईत असलेले जॉन विल्सन त्या वेळी स्वदेशाच्या वाटेवर होते. इमारती व साधने मूळ चर्चच्या हवाली करून या मंडळींनी नव्याने आरंभ केला. विल्सन यांच्यासोबत गेलेले धनजीभाई नवरोजी हे पारशी ख्रिस्ती १८४६ मध्ये एडिंबरोत पाळकपदाची दीक्षा घेऊन परतले. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचले. म्हणजे महाराष्ट्रातील स्कॉटिश मिशनची पुढील वाढ ही स्वेच्छेने दारिद्र्य पत्करलेल्या चर्चची वाढ होती.

याच १८४३ च्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. न्यायालयाने त्या मुलास पित्याच्या स्वाधीन केले आणि त्यास पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्री १८५४ मध्ये पाळक झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन त्या सुमारास भारतात आले होते. देशी मंडळी स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक असावी, हा विचार मांडणाऱ्यांत ते अग्रणी होते.

विचार उत्तम होता. परिस्थिती अवघड होती. मराठी ख्रिस्ती मंडळीतील एका बाजूस घरातून व जातीतून बाहेर टाकलेले मूठभर उच्चवर्णीय होते, आणि दुसऱ्या बाजूस महार, मांग समाजांतील गावकुसाबाहेरचे लोक होते. पहिल्यांचा चरितार्थ मिशनच्या नोकरीवर चाले. दुसऱ्यांपाशी आठवड्याचा एक पेनी तर राहोच, दुष्काळात दोन वेळची भाकर नसे. शिक्षक, उपदेशक आणि पाळक या सर्वांचे वेतन मिशनच्या तिजोरीतून येई. स्कॉटलंडात जे स्थान जमीनदाराचे होते, ते येथे नकळत मिशनरी साहेबाकडे आले. त्याचा हेतू चांगला होता, वागणूक बहुधा मायेची होती, आणि लोक त्याला मायबाप म्हणत. परंतु ‘मायबाप’ या शब्दातच असमानता आहे. मराठी रयत सरकारलाही मायबापच म्हणत असे.

नारायण शेषाद्रींचे जालन्याचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. निजामाच्या मुलखातील या गावाजवळ, दिवाण सालारजंग यांच्या औदार्याने मिळालेल्या जमिनीवर, त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथील मंडळीत मांग समाजाचे लोक बहुसंख्य होते. ज्या काळात ब्राह्मणाला मांगाची सावलीही वर्ज्य होती त्या काळात एका जन्माने ब्राह्मण असलेल्या पाळकाने त्यांच्यात घर करावे, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, त्यांची प्रेते मातीआड करावी, ही गोष्ट किरकोळ नव्हती. कोणत्याही सुधारणासभेच्या ठरावापेक्षा तिचे मोल अधिक आहे. मात्र पाळक, जमिनीचा व्यवस्थापक आणि निधी जमविणारा या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस फेटा बांधून हजर राहिलेल्या शेषाद्रींचा परदेशात मोठा सत्कार झाला. १८९१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बेथेलच्या रहिवाशांना आपल्या पाळकाविषयी काय वाटत होते, हे त्यांच्याच शब्दांत सांगणारी साधने दुर्मिळ आहेत. अहवाल लिहिले गेले ते एडिंबरोसाठी, इंग्रजीतून.

याच फ्री चर्चच्या परंपरेत बाबा पदमनजी हे काही वर्षे पुण्याच्या मंडळीचे पाळक होते. मराठी साहित्याने त्यांना ‘यमुनापर्यटन’कार म्हणून लक्षात ठेवले, पाळक म्हणून ते अभ्यासाबाहेरच राहिले.

१९१० साली जागतिक मिशनरी परिषद एडिंबरो येथे भरली. ती ज्या सभागृहात भरली ते मुळात फ्री चर्चने आपल्या जनरल असेंब्लीसाठी बांधलेले होते, आणि १९०० मधील एकीकरणानंतर युनायटेड फ्री चर्चकडे आले होते. तेथे दक्षिण भारतातील व्ही. एस. अझरय्या या तरुण पाळकाने एका संध्याकाळी भाषण केले. मिशनऱ्यांचा त्याग, त्यांचे श्रम, त्यांचे दान या साऱ्यांची कृतज्ञ कबुली देऊन त्यांनी सांगितले की, भारतीय ख्रिस्ती मंडळीला या सर्वांबरोबर मैत्री हवी आहे, आणि तीच मिळालेली नाही. सभागृहात अस्वस्थता पसरली. सदुसष्ट वर्षांपूर्वी याच चर्चच्या पूर्वजांनी आश्रय नाकारून आदर मागितला होता; आता त्यांच्या आश्रितांपैकी एकजण तेच मागत होता. अझरय्या १९१२ मध्ये दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमधील ते पहिले भारतीय बिशप.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत निर्वाणीच्या स्वरूपात मांडला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. अमेरिकन मराठी मिशनमध्ये १८९५ साली बाप्तिस्मा आणि १९०४ साली पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या टिळकांच्या मनावर वारकरी संतांचा खोल संस्कार होता. कीर्तनाचे मोल घेऊ नये, ही त्या परंपरेची शिकवण. तिच्यात साधू आणि लोक यांच्यामध्ये पगारपत्रक येत नाही. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला जे तत्त्व न्यायालयात झगडून मांडावे लागले, ते पंढरीच्या वाटेवर बोलूनही दाखवावे लागत नव्हते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोहोंना त्यात स्थान दिले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांना हा अविचार वाटला. संसार लक्ष्मीबाईंना सांभाळावयाचा होता, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे की टिळकांच्या प्रत्येक त्यागाचा हिशेब अखेर त्यांच्याच ओटीत पडत असे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. दरबाराला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.